टायरचा वाढदिवस

या सदरात एरवी मी मोबाईल, पासवर्ड, ऑनलाइन फसवणूक असल्या गोष्टींवर लिहितो. या वेळी विषय आमच्या गाडीचा आहे. आपल्यातली कितीतरी घरं आखाजीला आणि दिवाळीला सुरतहून खान्देशात गाडीनेच जातात, म्हणून लिहितोय.

आमची गाडी २०१२ सालची, छोटी हॅचबॅक. नाना सचिन जीआयडीसीतल्या प्रोसेस हाउसमधून निवृत्त होण्याआधी त्यांनी ती घेतली, कर्ज न काढता. त्यामुळे ती विकायचा विषय आमच्याकडे निघत नाही. आणि ती चालते तरी किती? माझं बरंचसं काम घरून. शाळा, स्टेशन, कधी उधना, कधी डुमस. वर्षाला चार हजार किलोमीटर झाले तरी खूप. टायर आजवर एकदाच बदललेले आणि त्यांची नक्षी अजून चांगली खोल. कोणी विचारलं तर मी बिनधास्त सांगायचो, टायर नवेच आहेत.

२०२५ ची आखाजी ३० एप्रिलला होती. आजी गेल्यानंतरची ही पहिलीच आखाजी, म्हणजे तिच्या नावाची घागर भरायला सगळ्यांनी गावी पोचायलाच हवं. मला सुट्टी मिळाली ती २९ तारखेला अर्ध्या दिवसाची. दुपारी एक वाजता आम्ही सचिनहून निघालो. नाना, आई, बायको, पहिलीतली मुलगी आणि मी. डिकीत आंब्यांच्या दोन पेट्या, वर बॅगा. हवा कधी भरली होती तर होळीच्या सुमारास. पलसाणा, बारडोली, व्यारा, सोनगड सगळं नीट पार पडलं. नवापूर सोडल्यावर स्टेअरिंगला बारीक थरथर जाणवायला लागली. मला वाटलं रस्ता खराब असेल. नाना म्हणाले, "काय व्हस त्याले, चालू दे." पुढे मागून धप-धप-धप असा ठेका ऐकू यायला लागला. मुलगी म्हणाली, "पप्पा, गाडी ढोल वाजवतेय." तेव्हा कुठे मी गाडी बाजूला घेतली.

मागच्या डाव्या टायरवर, जमिनीला टेकतो त्या भागावर, अर्ध्या नारळाएवढं टेंगूळ आलं होतं. मुलगी त्याच बाजूला बसली होती.

स्टेपनी काढली. ती कधीच वापरली नव्हती, तिच्यावरचे रबराचे बारीक केससुद्धा शाबूत होते. ती लावून चाळीसच्या वेगाने विसरवाडीपर्यंत आलो आणि एका टायरवाल्याकडे थांबलो, हवा भरायला. त्याने हवा भरलीच नाही. ओल्या फडक्याने टायरची बाजू पुसली आणि म्हणाला, "दादा, हे वाचा."

टायरच्या बाजूला डीओटी ही अक्षरं असतात आणि त्यांच्यापासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. टेंगूळ आलेल्या टायरवर होतं ३११६. म्हणजे २०१६ चा एकतिसावा आठवडा, ऑगस्टची सुरुवात. मुलीपेक्षाही थोरला. आणि ज्या स्टेपनीच्या भरवशावर आम्ही कोंडाईबारीचा घाट चढणार होतो, तिच्यावर ०८१२. तेरा वर्षं ती डिकीत नुसती म्हातारी होत होती.

मी इंजिनिअर आहे. कोणत्याही फाइलची तयार झाल्याची तारीख आणि शेवटची वापरल्याची तारीख वेगळी असते, हे मी रोज बघतो. टायरच्या बाबतीत मात्र मी फक्त किलोमीटर मोजत राहिलो. रबर चालल्याने झिजतं, तसंच नुसत्या हवेने आणि उन्हानेही जुनं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक करतात. यावर उपाय म्हणून कंपन्या रबरात मेणासारखे पदार्थ मिसळतात. टायर फिरताना दबतो, तेव्हा ते हळूहळू पृष्ठभागावर येऊन त्याचं रक्षण करतात. गाडी उभीच असली की हे काम मंदावतं. म्हणजे कमी चालणाऱ्या गाडीचा टायर दिसतो तरुण, पण आतून वाळलेला असतो. तड जाते ती नक्षीखाली, पोलादी तारांचे पट्टे रबराला चिकटलेले असतात तिथे. ते सुटले की टेंगूळ येतं, आणि तसंच दामटलं तर वरचा पट्टाच सोलून निघतो.

त्यात हवा कमी असली की टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो. उन्हाळ्यात हवा मुद्दाम कमी ठेवायची, हा आमच्याकडचा जुना सल्ला नेमका उलटा आहे. ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकर असतो, त्यावरचा आकडा सकाळी गाडी निघण्याआधी, टायर थंड असताना पाळायचा. भरलेल्या गाडीचा आकडा त्यावर वेगळा दिलेला असतो. (नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.)

विसरवाडीत आमच्या मापाचा टायर नव्हता. टायरवाल्याने पोराला मोटरसायकलवर नवापूरला पाठवलं. आम्ही अडीच तास लिंबाखाली बसून आंबे खाल्ले. नाना गप्प होते. गावी पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. सकाळी घागर वेळेवर भरली गेली.

नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं, की "टायर फुटला, त्याला कोण काय करणार" हा युक्तिवाद कोर्टातही झालेला आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका गाडीचा मागचा टायर फुटला, गाडी खोल खड्ड्यात उलटली आणि अडतीस वर्षांचा एक माणूस गेला. भरपाई सव्वा कोटीच्या घरात ठरली. विमा कंपनीचं म्हणणं, ही देवाची करणी, आम्ही देणं लागत नाही. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती एस. जी. डिगे यांनी ते फेटाळलं. टायर फुटणं हा माणसाचा निष्काळजीपणा आहे आणि निघण्याआधी टायर बघणं हे चालवणाऱ्याचं काम आहे, असं त्यांनी म्हटलं. हे वाचताना मला आमचा एक वाजताचा निघण्याचा गोंधळ आठवला. चाकांकडे कोणी बघितलंही नव्हतं.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१२ मध्ये एका संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटून तिघे गेले. तो टायर एकोणीस वर्षांचा होता. नक्षी मात्र नियमात बसणारी. त्यात मुलगा गमावलेल्या एका आईने अनेक वर्षं पाठपुरावा केला, आणि फेब्रुवारी २०२१ पासून तिथे ट्रक-बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुने टायर लावायला बंदी आली. आपल्याकडे मोटार वाहन नियमांत कारच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी असं आहे. पण ते मोजून आमचे टायर पहिल्या नंबराने पास झाले असते. टायर कंपन्या साधारणपणे सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांपुढे नक्षी कशीही असो, टायर काढून टाका. आमच्याकडच्या उन्हात मी सहाव्या वर्षीच बदलायचे ठरवलेत.

परतताना बायको-मुलीला आणि आईला एसटीत बसवलं. नाना आणि मी पहाटे निघून रिकामी गाडी पन्नासच्या वर न नेता आणली. वाटेत टायर फुटलाच तर काय, याची उजळणी केली होती: ब्रेक दाबायचा नाही, स्टेअरिंग घट्ट सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर सोडून गाडी आपोआप मंदावू द्यायची.

सचिनला आल्यावर उरलेले तीन टायर आणि स्टेपनीसाठी पाचवा असे चार नवे घेतले. साडेसतरा हजार. नानांना ते जड गेलं. गाडीची किंमत ती काय, आणि टायर एवढ्याचे! दुकानात पहिल्यांदा जे टायर पुढे आले ते दोन वर्षांपूर्वीचे निघाले. आकडा दाखवून दुसरे मागितले, मग आतून आले. तुम्हीही बिल होण्याआधी बघा. आणि घरचे बघताना बॅटरी घेऊन बघा, कधी कधी तारीख टायरच्या आतल्या बाजूला असते.

जुन्या टायरांचे दुकानदार नगाला तीनशे रुपये देत होता. नक्षी चांगली आहे, म्हणाला, पॉलिश करून लगेच जातील. बाराशे रुपये. जुनी रद्दीसुद्धा भाव केल्याशिवाय न देणाऱ्या नानांनी थोडा वेळ विचार केला. मग दुकानातल्या पोराला वीस रुपये देऊन करवत आणायला सांगितली, आणि चारही टायरांच्या कडा कापून होईपर्यंत स्टुलावर बसून राहिले.