इथेनॉलचा पैसा उसाच्या बिलात किती येतो?

अहिल्यानगर : पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट देशानं २०२५ मध्येच गाठलं. प्रवरानगरला १९५० साली सहकारी कारखाना सुरू झाला, तेव्हा सगळी मदार साखरेवर होती. आज कारखान्यांचं गणित इथेनॉलवरही चालतं. मग दोन-तीन एकर ऊस असलेल्या शेतकऱ्याच्या हातात काय पडतं?

साधा हिशोब बघू. एक टन उसाच्या रसापासून साधारण ७० लिटर इथेनॉल निघतं. त्याचा दर लिटरला ६५ रुपये ६१ पैसे, म्हणजे टनाला सुमारे ४,६०० रुपये. २०२२-२३ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला ३,०५० रुपये होती. २०२५-२६ ला ती ३,५५० झाली. इथेनॉलचा हा दर मात्र तोच राहिला. म्हणजे पगार, व्याज, प्रक्रिया खर्च यासाठी कारखान्याकडे उरणारी रक्कम टनामागे ५०० रुपयांनी घटली. बिलं लांबतात तेव्हा कारखाने हेच कारण पुढं करतात.

दुसरा धोका धोरणाचा. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपात, केंद्रानं रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. आठवडाभरानं ती थोडी सैल केली. पण कर्ज काढून उभारलेले प्रकल्प अडकले ते अडकलेच. पुढच्या हंगामासाठी बंदी उठली, तोवर मका पुढं निघून गेला होता. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी वाटून दिलेल्या सुमारे १,०५० कोटी लिटरमध्ये उसाचा वाटा तीस टक्क्यांच्या आत आहे.

मग मका करावा का? मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे दर आहे. पण तो दर प्रकल्पाला मिळतो, शेतकऱ्याला नाही. मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये असला, तरी त्या भावानं घ्यायचं बंधन व्यापाऱ्यावर वा प्रकल्पावर नाही. उसाला निदान कायदा आहे. १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज.

तेव्हा यंदाच्या वार्षिक सभेत सभासदांनी तीन गोष्टी विचाराव्यात. रस किंवा बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळवल्यानं साखर उताऱ्यात आलेली घट एफआरपी काढताना धरली का? ७०:३० च्या हिशोबात मळीचा दर काय लावला? उशिरा दिलेल्या बिलाचं व्याज कुठं आहे?

सभेत अहवाल हात वर करून मंजूर होतो. हात वर करण्याआधी ही तीन उत्तरं मागा. इथेनॉलचा पैसा बिलात उतरायचा असेल, तर तो हिशोब आधी सभासदांसमोर यायला हवा.