गाडी किती देते?

आपल्याकडे मुलीला वय आणि मुलाला पगार विचारू नये म्हणतात. पण गाडीवाल्याला "किती देते?" असं कोणीही, कधीही विचारू शकतं. एलबीएस रोडच्या सिग्नलला शेजारी उभा असलेला रिक्षावाला विचारतो, सोसायटीचा वॉचमन विचारतो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले दूरचे मामा विचारतात. आणि आमच्या घरातून गेली तीस वर्षं या प्रश्नाला एकच उत्तर जातंय, "चाळीस."

आमची गाडी म्हणजे बाबांची १९९४ ची बुलेट ३५०. जुनं कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. २००९ पासून दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन तिचं रजिस्ट्रेशन वाढवून आणायचं, हा आमच्या घरचा एक कुळाचारच आहे. बाबा रोज मुलुंडहून लोकलने ऑफिसला जायचे, बुलेट फक्त रविवारी आणि गावाला. आता ती माझ्याकडे आलीय, आणि तिच्यासोबत ते चाळीससुद्धा!

गेल्या वर्षी जुलैत मी आणि माझा बोरिवलीचा मित्र कोकणात निघालो. टाकी जवळजवळ कोरडी होती. महिनाअखेर असल्यामुळे हिशेब करून सहा लिटर पेट्रोल टाकलं. सहा चोक चोवीस, म्हणजे दोनशे चाळीस किलोमीटर, खेड तर त्याच्या आधीच येतं. ऐरोली, पनवेल, माणगाव, महाड सगळं मजेत झालं. पोलादपूरनंतर नवा बोगदा सोडून मुद्दाम जुन्या कशेडी घाटाने वर चढायला लागलो (हिरवळ, ढग, फोटो वगैरे) आणि गाडीने दोन आचके देऊन मान टाकली. सुमारे एकशे पंच्याऐंशी किलोमीटर झाले होते. पाऊस धो धो, मोबाईलला रेंज नाही आणि दीड-पावणेदोनशे किलोचं लोखंड चढावर ढकलायचं! बोगदा झाल्यापासून त्या रस्त्याला वाहनंही कमी. अर्ध्या-पाऊण तासाने स्प्लेंडरवरून एक काका आले. त्यांनी बिचाऱ्यांनी पाण्याच्या बाटलीत लिटरभर पेट्रोल काढून दिलं आणि अर्थातच विचारलं, "किती देते?"

मी सवयीने म्हणालो, "चाळीस."

काका म्हणाले, "मग हितं कशाला उभा?"

मित्रांनो, हा लेख त्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

घरी येऊन मी बाबांना विचारलं, "बाबा, हे चाळीस आलं कुठून?" बाबा जरा आठवून म्हणाले, "अरे, नवीन घेतली तेव्हा नाशिकला गेलो होतो ना, तेव्हा काढलं होतं." म्हणजे १९९४ साली, नव्या गाडीवर, एकटे, मोकळ्या हायवेला पन्नासच्या स्पीडने जाताना एकदा घेतलेलं रीडिंग आम्ही तीस वर्षं कोणत्याही परिस्थितीला लावत होतो. हसू नका. आपण लॅबमध्ये तरी दुसरं काय करतो? आयसी इंजिनच्या प्रॅक्टिकलला हीट बॅलन्स शीटचं रीडिंग सिनियरच्या जर्नलमधून उतरवतो, त्याने त्याच्या सिनियरकडून उतरवलेलं असतं, आणि मूळ इंजिन त्या रीडिंगला कधी चाललं होतं हे लॅब असिस्टंटलासुद्धा आठवत नसतं!

या ॲव्हरेजच्या वेडाला इतिहास आहे. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली ती 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' असं सांगत. त्याआधी रस्त्यावर राजदूत, येझदी होत्या, धूर सोडणाऱ्या आणि पेट्रोल पिणाऱ्या टू-स्ट्रोक. त्यांच्यापुढे या फोर-स्ट्रोक गाडीने मध्यमवर्गाला जिंकलं, आणि ते योग्यच होतं. पण त्या जाहिरातीतलं 'फर्गेट इट' आपण जरा जास्तच मनावर घेतलं. पेट्रोल टाकायचं आणि विसरून जायचं. गाडीत बिघाड झाला की गॅरेजला टाकायची, बिल भरायचं आणि परत विसरायचं.

कंपनीचा आकडा खोटा नसतो, पण तो वेगळ्या जगातला असतो. आपल्याकडे ज्या 'इंडियन ड्रायव्हिंग सायकल'वर वर्षानुवर्षं गाड्या तपासल्या गेल्या, त्यातली एक सायकल १०८ सेकंदांची, जास्तीत जास्त वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी २२ च्या आसपास. ही चाचणी लॅबमध्ये रोलरवर होते. तिथे वारा नाही, घाट नाही, मागे सॅक घेऊन बसलेला मित्र नाही आणि घाटकोपर स्टेशनबाहेरचं ट्रॅफिक तर नाहीच नाही. हायवेला ६० ऐवजी ८० ने गेलात तर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. हे आपण पेपरात लिहून मार्क मिळवतो आणि गाडीवर बसलो की विसरतो.

त्यात आता पेट्रोलही ते राहिलेलं नाही. २०२२ च्या मध्यापर्यंत पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल आलं आणि २०२५ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. गणित करून बघा, शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. शिवाय शुद्ध पेट्रोलला एकास १४.७ हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपासच. नव्या इंजेक्शनच्या गाड्या सेन्सरने हे सांभाळून घेतात. आमच्या कार्ब्युरेटरचं जेट १९९४ मध्ये जेवढं होतं तेवढंच आहे, त्यामुळे गाडी आपोआप थोडी 'लीन' चालते, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त.

आता माझी दुसरी चूक सांगतो, कारण ती जास्त महागात पडली. कशेडीनंतर मी एका गॅरेजला गेलो आणि म्हणालो, "उस्ताद, ॲव्हरेज वाढवून द्या." त्याने मेन जेट एक नंबर लहान टाकलं, नीडलची क्लिप वरच्या खाचेत सरकवली आणि म्हणाला, "अब देखो." खरंच, महिनाभर गाडी छत्तीस द्यायला लागली! मी खूश. मग ऑक्टोबरच्या उन्हात कसारा घाट चढताना इंजिनातून खडखड ऐकू यायला लागली, पिकअप गेला आणि गाडी चालता चालता जाम झाली. पिस्टन सीझ. आधीच लीन चाललेल्या इंजिनाला मी आणखी लीन केलं होतं. सिलिंडर रिबोअर, नवा पिस्टन, मजुरी धरून साडेसात हजार. त्या महिन्यात चारशे किलोमीटर चाललो होतो. एकतीसच्या जागी छत्तीसने वाचलेलं पेट्रोल पावणेदोन लिटर, म्हणजे जेमतेम १८५ रुपये!

इथे मी त्या मेकॅनिकला दोष देत नाही. मी जे मागितलं ते त्याने दिलं. दोष माझा, कारण तो स्क्रू फिरवत असताना मी बाजूला चहा पीत उभा होतो. व्हायवाला 'स्टॉइकिओमेट्रिक रेशो किती?' विचारलं की आमचा अख्खा वर्ग '१४.७' ओरडेल. पण त्या वर्गात स्वतःच्या गाडीचा प्लग काढून त्याचा रंग पाहिलेले किती? मी तरी तेव्हा पाहिला नव्हता. पाहिला असता तर पांढरा पडलेला प्लग मला महिनाभर आधीच ओरडून सांगत होता.

म्हणून माझं म्हणणं असं, की जुनी गाडी ठेवायची असेल तर दोन गोष्टी केल्याच पाहिजेत. स्वतः मोजा, आणि जमेल तेवढं स्वतः करा.

मोजणं सोपं आहे. गाडी मेन स्टँडवर लावून टाकी एका ठराविक खुणेपर्यंत भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. किमान दोन-अडीचशे किलोमीटर चालवा. मग शक्यतो त्याच पंपावर, त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरा. किलोमीटरला लिटरने भागा, झालं. रिझर्व्ह लागल्यापासून रिझर्व्ह लागेपर्यंत मोजणं म्हणजे अंदाज, कारण चढ-उतारावर पेट्रोल टाकीत हलतं. आणि त्याआधी हायवेच्या दगडांवर मीटर तपासून घ्या. जुन्या गाडीचा मीटर दहा किलोमीटरला साडेदहा दाखवत असेल तर तुमचं ॲव्हरेज फुकटचं वाढलेलं असतं. असं तीन-चारदा करा आणि शहर वेगळं, हायवे वेगळं लिहा. आमच्या बुलेटचे खरे आकडे असे आले : मुलुंड ते अंधेरी जेव्हीएलआरने रोज गेलो तर २६, माळशेजमार्गे जुन्नरला जाऊन-येऊन ३२, दोघं आणि सामान घेऊन पावसात ३१. चाळीस एकदाही नाही!

आता हाताने करायच्या गोष्टी. दर आठवड्याला, टायर थंड असताना हवा तपासा. कमी हवेइतकं पेट्रोल दुसरं काही खात नाही. चेन रॉकेलच्या फडक्याने पुसून नव्वद नंबरचं गिअर ऑईल लावा आणि मॅन्युअलप्रमाणे ढील ठेवा, फार ताणू नका. स्टँडवर लावून चाकं हाताने फिरवा. चाक सहज फिरत नसेल तर ब्रेक घासतोय, मग कार्ब्युरेटरला शिव्या देऊन उपयोग नाही. एअर फिल्टर साफ करा. प्लग काढून बघा : बिस्किटासारखा तपकिरी असेल तर उत्तम, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर सावधान. पॉइंटचा गॅप फिलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. कास्ट आयर्न बुलेटचे टॅपेट इंजिन पूर्ण थंड असताना, कॉम्प्रेशनला पिस्टन वर आणून बघायचे. पुशरॉड बोटाने गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. पहिल्यांदा मला दोन तास लागले, आता वीस मिनिटं लागतात. आणि पेट्रोलचा रबरी पाइप बोटांनी दाबून बघा. जुन्या गाड्यांचं रबर इथेनॉलसाठी बनलेलं नव्हतं. तडे दिसले की लगेच बदला, गळका पाइप आणि गरम इंजिन हा खेळ नाही. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने झाकून ठेवणार असाल तर तेच पेट्रोल टाकीत मुरवत ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढून घेतं, ते पाणी तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते.

सगळंच स्वतः करा असं मात्र मी म्हणत नाही. ब्रेक लायनर, बेअरिंग, इंजिन उघडणं ही कामं हात बसलेल्या मिस्त्रीचीच. पण शेजारी उभं राहून बघा, विचारा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला पार्ट शोधत फिरलात तर एका दुपारी जेवढं शिकाल तेवढं अख्ख्या सेमिस्टरला शिकत नाही. आणि हो, काढलेलं काळं ऑईल गटारात ओतू नका, डब्यात भरून गॅरेजला द्या. सोसायटीच्या सेक्रेटरींशी भांडण होणार नाही हा त्याचा जादा फायदा.

"एवढं करण्यापेक्षा नवीन १२५ घे की!" असं मित्र म्हणतात. त्यांचाही हिशेब करू. माझं वर्षाचं चालणं सहा हजार किलोमीटर. ३१ ने १९४ लिटर, नवीन गाडीच्या ५५ ने १०९ लिटर. फरक ८५ लिटरचा, म्हणजे वर्षाला नऊ हजारांच्या आत. त्यासाठी लाखभराची गाडी घेतली तर पैसे वसूल व्हायला अकरा वर्षं लागतील. पण तुम्ही कॉलेजला रोज चाळीस किलोमीटर गाडीनेच येत असाल तर मित्रांचं बरोबर आहे, खुशाल नवीन घ्या. जुनं इंजिन धूरही जास्त सोडतं, हे मान्य करायला लाजायचं कारण नाही. म्हणून माझी बुलेट बाबांसारखीच फक्त रविवारी आणि लांबच्या प्रवासाला निघते, रोज मी लोकलने येतो. जुनी गाडी बाळगायची तर ती कमी चालवावी आणि नीट ट्यून ठेवावी. नुसता 'विंटेज' म्हणून मिरवण्याचा हक्क आपल्याला नाही.

ॲव्हरेज वाढवायच्या मागे लागू नका, ते खरं किती आहे ते माहीत करून घ्या. २६ हा आकडा लाजिरवाणा नाही. २६ देणाऱ्या गाडीला ४० समजून घाटात शिरणं मात्र लाजिरवाणं आहे, निदान मेकॅनिकलच्या पोराला तरी.

मागच्या रविवारी बाबांना मागे बसवून भांडुपला काकांकडे चाललो होतो. सिग्नलला एक ॲक्टिवावाला थांबला, बुलेटकडे बघून म्हणाला, "काका, किती देते हो?" मी आरशात बघितलं. बाबा क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हायवेला एकतीस-बत्तीस. पोराने मोजलंय."

ॲक्टिवावाल्याचं तोंड जरा पडलं. पण खरं सांगू? बाबांचं नाही पडलं.

— टी. ई. मेकॅनिकल