‘बॅलन्स्ड’ क्रॉसओव्हर : प्रयोग जरूर करा, जादा पैसे मोजू नका

भाषा शिकवणारा माणूस स्पीकरच्या पेटीत डोकं का घालतो, असं स्टाफरूममध्ये मला अधूनमधून विचारलं जातं. उत्तर साधं आहे. ज्याचे उच्चार शुद्ध, त्याला उर्दूत ‘शीन-काफ दुरुस्त’ म्हणतात. वर्षभर मुलांचे शीन-काफ घासायचे आणि गॅदरिंगच्या दिवशी स्पीकरमधून ‘साल’ आणि ‘शाल’ एकसारखेच ऐकायचे, हे सहन होत नाही. स, श, फ़ यांचा जो सुसकारा असतो तो बराचसा २००० हर्ट्झच्या वर राहतो. दोन स्पीकरच्या पेटीत आवाजाची वाटणीही बहुधा त्याच्या आसपासच होते. म्हणजे ज्या ठिकाणी शब्दाचा जीव, तिथेच कात्री.

ही कात्री म्हणजे क्रॉसओव्हर. जाड आवाज वूफरला, बारीक आवाज ट्विटरला. ८ ओहमचे स्पीकर आणि २५०० हर्ट्झची सीमा धरली, तर सगळ्यात साध्या सर्किटमध्ये वूफरच्या वाटेत साधारण ०.५ मिलिहेन्रीची कॉइल आणि ट्विटरच्या वाटेत ८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर येतो. हे कागदावरचं गणित. खरा स्पीकर सगळ्या सुरांना ८ ओहम राहत नाही, म्हणून पुढे कान आणि मीटर दोन्ही वापरावे लागतात.

नेहमीच्या पेटीत हे भाग प्लसच्या तारेत असतात आणि मायनसची तार सरळ जाते. बॅलन्स्ड पद्धतीत दोन्ही तारांत सारखे भाग टाकतात. कॉइल निम्मी-निम्मी, म्हणजे ०.२५ च्या दोन. कपॅसिटर मात्र निम्मे नव्हे, दुप्पट : १६ चे दोन. कारण एकापाठोपाठ जोडलेल्या दोन कपॅसिटरची किंमत निम्म्यावर येते. मुलांना फळ्यावर हे दाखवलं की त्यांचे डोळे मोठे होतात, आणि एवढ्यासाठीच हा प्रयोग मला आवडतो.

पण ‘बॅलन्स्ड केलं की आवाज स्वच्छ होतो’ असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं, ते मला मान्य नाही. हा समज माईकच्या तारेवरून आला असावा. माईकचा सिग्नल अगदी इवलासा असतो आणि तार लांब. वाटेत दोन्ही तारांवर सारखाच कचरा बसतो आणि पुढचं यंत्र दोन तारांतला फक्त फरक मोजतं, म्हणून कचरा गळून पडतो. स्पीकरच्या तारेत व्होल्टांनी सिग्नल असतो, तिथे त्या कचऱ्याची बिशाद काय! शिवाय स्पीकरला दोनच टोकं असतात. प्रवाह एका टोकाने जातो आणि दुसऱ्याने परत येतो. त्या फेऱ्यात कॉइल अलीकडे ठेवा की पलीकडे, हिशेब तोच. तसबीहचा मणी इकडून तिकडे सरकवल्याने मणी वाढत नाहीत.

उलट खर्च वाढतो. कपॅसिटरची एकूण क्षमता चौपट विकत घ्यावी लागते. एका कॉइलच्या जागी दोन सुट्या कॉइल गुंडाळल्या तर तार सुमारे १.४ पट लागते, म्हणजे त्याच जाडीच्या तारेत रोधही तेवढा वाढतो आणि वूफर थोडा ढिला पडतो. आणि त्या दोन कॉइल शेजारी-शेजारी चिकटवल्या तर आणखी घोळ. एकाच गाभ्यावर ०.२५ च्या दोन घट्ट गुंडाळून सुलट जोडल्या तर ०.५ नव्हे, जवळपास १ मिलिहेन्री होते आणि सीमा २५०० वरून १२५० च्या आसपास घसरते. उलट जोडल्या तर एकमेकींना खाऊन टाकतात, कॉइल नसल्यातच जमा, आणि वूफर बारीक आवाजही ओरडू लागतो. सुट्या कॉइल लांब आणि काटकोनात ठेवाव्यात.

एका ठिकाणी दोन्ही तारांत कॉइल हवीच. टीपीए-३११६ सारख्या चिपच्या स्वस्त बोर्डांत स्पीकरची दोन्ही टोकं अ‍ॅम्प्लिफायरच चालवतो, आणि दोन्हींवर वेगाने चालू-बंद होणारा सिग्नल असतो. तो गाळायला बोर्डावरच दोन्हीकडे कॉइल लावतात. पण ते काम बोर्डाचं, पेटीतल्या क्रॉसओव्हरचं नव्हे. जाता जाता : अशा बोर्डावर डाव्या-उजव्या स्पीकरचे मायनस एकत्र बांधू नका, जमिनीला तर मुळीच नाही.

एवढं सगळं सांगण्याचं कारण पैसा आहे, आणि तो लोकांचा आहे. वर्गणी काढून सजवलेल्या एका सभागृहात ‘बॅलन्स्ड’ या शब्दासाठी बिलात वेगळी रक्कम लावलेली मी पाहिली. त्याच सभागृहातल्या एका पेटीचा ट्विटर जळालेला होता आणि कुणाच्या लक्षात नव्हतं. मागच्या रांगेत बसलेल्या बायकांना तकरीर कळत नाही, ही तक्रार जुनीच. ‘मशीन भारी आहे’ म्हटलं की आपण गप्प बसतो. इंग्रजी शब्द ऐकून माना डोलवायची ही सवय आपल्या कमिट्यांनी सोडली पाहिजे. विकणाऱ्याला म्हणा, दोन्ही पेट्या पडद्यामागे ठेव, आवाज सारखा लाव आणि ओळखून दाखव.

‘कान खोटं बोलत नाहीत’ असं माझे एक मित्र म्हणतात. कान खोटं बोलत नसतील, पण डोळे त्यांना पढवतात. म्हणून आठवी-नववीच्या मुलांसोबत मी पुठ्ठ्यामागे स्विच लावून दोन्ही सर्किटं ऐकवली. साल-शाल, फूल-फ़न, खाना-ख़ाना अशी यादी एक मुलगी माईकवर वाचत होती. मुलांनी कागदावर लिहिलेली उत्तरं छापा-काट्यासारखी आली. मग मी न सांगता ट्विटरचा ८ चा कपॅसिटर काढून २.२ चा लावला, म्हणजे ट्विटरची सीमा सुमारे ९००० हर्ट्झवर गेली. पहिलाच ‘शाल’ ऐकून मागच्या बाकावरचा पोरगा ओरडला, “सर, ट्विटरला काय केलंत?”