व्यायामाची सायकल बंद पडली? आधी सेल पाहा!

मुंबईत नोकरीला असलेला मुलगा मालवणात आई-वडिलांसाठी व्यायामाची सायकल पाठवतो. डॉक्टरांनी मधुमेहासाठी व्यायाम सांगितलेला असतो. एक पावसाळा सरतो आणि मीटर बंद पडतो. कोणीतरी सांगतो, "बोर्ड गेला, नवा घाला." खर्च झेपत नाही, मग सायकलवर कपडे वाळू लागतात आणि व्यायाम सुटतो. बंधू-भगिनींनो, पैसे मोजण्यापूर्वी घरीच थोडी तपासणी करा, असे आम्ही सांगू.

आपल्या किनाऱ्यावर पहिला संशय खाऱ्या वाऱ्यावर घ्यावा. पावसाळ्यात बरणीतले मीठ ओले होते, हे घरोघरी ठाऊक आहे. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते. हेच मीठ मीटरच्या पट्ट्यांवर आणि पिनांवर बसते व धातू गंजवते.

मीटरवर काहीच दिसत नसेल तर सेल काढा. स्प्रिंगवर पांढरी-हिरवी पूड असेल तर कापसावर थोडे व्हिनेगर घेऊन पुसा, कोरडी करा, बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि नवे सेल घाला.

मीटर चालू, पण वेग शून्य? चाकावर लहान लोहचुंबक असतो. तो सेन्सरसमोरून गेला की आतला स्विच क्षणभर जुळतो आणि फेरा मोजला जातो. चुंबक सरकला आहे का, वायरची पिन गंजली आहे का, ते पाहा. मल्टिमीटर असेल तर पिन मीटरमधून काढून कंटिन्युइटी तपासा. चाक हळू फिरवताना चुंबक समोर येताच आवाज आला, तर सेन्सर चांगला आहे.

ट्रेडमिलची गोष्ट निराळी. सेफ्टी की नीट बसली आहे का, प्लग सैल आहे का, पट्टा कोरडा पडला आहे का, एवढेच घरी पाहावे. कोरड्या पट्ट्यामुळे मोटर जास्त करंट ओढते, मशीन थांबते आणि आळ बोर्डावर येतो. झाकण मात्र उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठलेले असू शकतात. प्लग काढल्यावरही जीवघेणा झटका बसू शकतो. ते काम जाणत्या मेकॅनिकचेच. अर्थिंगची पिन कधीही तोडू नका.

आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड असतो. तो शिकलेला मुलगा किंवा मुलगी वाडीत असेल, तर आधी त्यांना दाखवा. आणि सायकल वापरात नसेल तेव्हा सेल काढून ठेवा.