बिनबियांची झाडे आणि आपले बियाणे



माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या जुन्या दगडी विहिरीत डोकावून पाहा. ओल धरलेल्या दगडांच्या सांध्यातून काळ्या देठाची, नाजूक पानांची एक वनस्पती लोंबताना दिसेल. तिचे नाव हंसराज. विहिरीचा ओलावा खाली गेला की हंसराजही वाळतो.

हंसराजाला फूल नाही, फळ नाही, बीही नाही. तो नेच्यांच्या कुळातला. महाबळेश्वर-कोयनेच्या रानात पावसाळ्यात दाटी करतात ते हेच नेचे. यांना मूळ आहे, खोड आहे, पाणी वर चढवणाऱ्या नळ्या आहेत. नाही ते फक्त बी. नळ्यांच्या पण बिनबियांच्या वनस्पती 40 कोटी वर्षांपूर्वीही पृथ्वीवर होत्या, म्हणजे ज्वारी-कपाशीच्या कितीतरी आधी.

मग यांचा वंश वाढतो कसा? हंसराजाच्या पानाची कड खाली दुमडलेली असते. त्या घडीखाली तपकिरी भुकटी तयार होते. तिचा एकेक कण म्हणजे बीजाणू. तो वाऱ्यावर उडतो, ओल्या जागी पडला तर रुजतो, पण त्यातून लगेच नेचा होत नाही. आधी नखाहूनही लहान, हिरवी, बदामाच्या आकाराची चकती होते. तिच्या खालच्या अंगाला नर आणि मादी पेशी तयार होतात. नर पेशीला मादीपर्यंत पोहतच जावे लागते. तेवढ्यापुरता तरी पाण्याचा पातळ थर हवा. तो नसेल तर वंश तिथेच थांबला. वर्षाला 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या महाबळेश्वरला नेचे उदंड आणि 500 मिलिमीटरच्या आसपासच्या माणदेशात ते विहिरीच्या आडोशाला, यामागचे हे एक मोठे कारण.

पाचगणीच्या टेबललँडवर पावसाळी डबक्यांत गवतासारखी दिसणारी आयसोइटीस उगवते. तिच्या एका जातीला पाचगणीचेच नाव दिलेले आहे. डबके आटले की तिचा गड्डा चिखलात दडून राहतो. तिचे बीजाणू दोन प्रकारचे: लहान ते नर, मोठे ते मादी. मोठ्यात थोडे अन्न साठवलेले असते. आयसोइटीस इथेच थांबली. वनस्पतींच्या दुसऱ्या एका शाखेने मात्र हाच टप्पा ओलांडून पुढचे पाऊल टाकले: मोठा बीजाणू आईने अंगावरच ठेवला, तिथेच गर्भ वाढवला, त्याला शिदोरी बांधून दिली, वरून टणक साल घातली. ते झाले बी. नर पेशी परागातून वाऱ्याने, किड्याने येऊ लागली आणि पोहण्याची गरज हळूहळू संपली. बीजाणू म्हणजे उपाशीपोटी घराबाहेर पडलेले लेकरू. बी म्हणजे शिदोरी घेऊन निघालेला वाटसरू. तो कोरड्यात महिनोन्‌महिने वाट पाहू शकतो.

कोरडवाहू शेती उभी आहे ती या एका युक्तीवर. म्हणून आमचे म्हणणे असे, की ज्याच्या हातात बी, त्याच्या हातात कोरडवाहू शेती.

कपाशीत काय झाले ते डोळ्यांसमोर आहे. 1970 साली गुजरातेत एच-4 हा संकरित वाण आला, 2002 साली बीटीला परवानगी मिळाली, आणि घरची सरकी पेरणे जवळजवळ संपले. संकरित सरकी पुन्हा पेरली तर पुढची पिढी एकसारखी येत नाही, म्हणून दरवर्षी पाकीट विकत. उत्पन्न वाढले हे आम्ही नाकारत नाही. पण सरळ वाणाचा पर्यायच हातात नसणे ही लाचारी आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सरळ वाणांतही बीटी आणले आहे. ते बियाणे तालुक्याच्या दुकानात पुरेसे मिळाले पाहिजे, ही आमची पहिली मागणी.

ज्वारीत अजून वेळ गेलेली नाही. मालदांडी 35-1 ही 1930 च्या दशकात मोहोळला स्थानिक वाणातून निवडलेली सरळ जात. तिचे बी घरी राखता येते. त्यासाठी खळ्यावरच्या राशीतून नव्हे, उभ्या पिकातून निरोगी, भरदार कणसे निवडा आणि वेगळी मळा. 2001 च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याचे कलम 39 आपल्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि विकण्याचाही हक्क देते. संरक्षित वाणाचे बी छापील नावाच्या पाकिटात घालून विकता येत नाही, एवढेच.

बी वाट पाहू शकते, पण पाण्यावाचून उगवू शकत नाही. म्हणून बियाण्याचा लढा पाण्याच्या लढ्यापासून तोडता येत नाही. येरळेवर खानापूर तालुक्यातल्या गावकऱ्यांनी बळीराजा धरण उभे केले तेव्हा भूमिहीनांसह सर्वांना पाण्याचा समान वाटा हे तत्त्व मांडले. ते तत्त्व ताकारी, म्हैसाळ, टेंभूच्या पाण्यालाही लागू झाले पाहिजे, ही दुसरी मागणी.

घाटातल्या नेच्याला बी नाही, पण पाणी आहे. आपल्याला पाणी कमी, पण बी आहे. तेही हातचे घालवले तर उरेल काय? जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने राखलेल्या शाळूचे किलोभर बी आणावे आणि दुसऱ्या गावाचे घेऊन जावे.