खरं सांगणाऱ्याची पंचाईत

शनिवारी पहिला चहा व्हायच्या आत मामेबहिणीचा फोन. "दादा, त्या डिक्लेरेशनमध्ये काय लिहू रे?"

बाईसाहेब पीएचडी करतायत. पहिला पेपर जर्नलला पाठवायचाय. प्रयोग तिचे, आकडे तिचे, दोन वर्षांची जागरणं तिची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे इंग्रजी वाक्य जरा अडखळतं. ती वाक्यं तिने चॅटजीपीटीकडून नीट करून घेतली. आता फॉर्मवर प्रश्न आलाय, एआय वापरलंत का? "हो म्हटलं तर रिव्ह्यूअरला वाटणार सगळं त्यानेच लिहिलंय. नाही म्हटलं तर ते खोटं."

म्हटलं, नियम वाचून सांगतो. (आमची खोड... आधी डॉक्युमेंटेशन!) वाचता वाचता दुपार झाली.

एक गोष्ट जवळपास सगळीकडे सारखी: एआयला लेखक म्हणून नाव देता येणार नाही. चॅटजीपीटी येऊन दोन महिने होतात न होतात, तोच जानेवारी २०२३ मध्ये 'नेचर'ने हे सांगून टाकलं. कारण साधं आहे, लेखक म्हणजे जबाबदारी घेणारा. हे मला एकदम पटतं. कोपायलटने लिहिलेला कोड मी कमिट केला आणि रात्री दोनला प्रॉडक्शन झोपलं, तर फोन मला येतो. "ते त्याने लिहिलं होतं" असं मॅनेजरला सांगून बघा एकदा!

खरा गोंधळ पुढे आहे. 'सायन्स'ने २०२३च्या सुरुवातीला सरसकट बंदी घातली आणि त्याच नोव्हेंबरात 'सांगून वापरा' म्हटलं. स्प्रिंगर नेचर म्हणतं, स्वतःच्या मजकुराची नुसती भाषा सुधारली असेल तर सांगायची गरज नाही. एल्सव्हिअर म्हणतं, व्याकरण-स्पेलिंग तपासलं तर ठीक, त्यापलीकडे लिखाणात वापर असेल तर निवेदन द्या. म्हणजे तोच पेपर, तीच वाक्यं, आणि हे 'पलीकडे' नक्की कुठून सुरू होतं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

बरं, सांगितल्याने तरी काय साधतं? फेब्रुवारी २०२४ मध्ये फ्रंटियर्सच्या एका जर्नलमध्ये उंदराचं चित्र छापून आलं होतं, आठवतंय? अवयव उंदराहून मोठा, लेबलं अगम्य. चित्र मिडजर्नीचं होतं, आणि लेखकांनी तसं पेपरात लिहिलंही होतं! नियम पाळला, चित्र छापलं, काही दिवसांत पेपर मागे घेतला. त्याच सुमारास एल्सव्हिअरच्या एका जर्नलमधल्या पेपराची प्रस्तावना चक्क चॅटबॉटच्या "हो, ही घ्या तुमची प्रस्तावना" छापाच्या वाक्याने सुरू झाली होती. तिथे कोणी काही सांगितलं नव्हतं. दोन्हीकडे घोटाळा एकच... कोणी नीट वाचलंच नाही.

डिटेक्टरचं तर नावच नको. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींनी टोफेलचे ९१ निबंध, म्हणजे माणसांनीच लिहिलेले, अशा सात डिटेक्टरांना दिले. सरासरीने निम्म्याहून जास्त एआयचे ठरले! म्हणजे बहिणीने सगळं स्वतः लिहिलं असतं तरी ती सापडलीच असती.

पूर्वी ज्याच्याकडे पैसे होते तो एडिटिंग सर्व्हिसकडून इंग्रजी घासूनपुसून घ्यायचा. त्याच्याकडे कोणी संशयाने बघितल्याचं ऐकलं नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की एकच 'हो/नाही' विचारू नका. भाषा, संदर्भ, आकडे-चित्रं असं वेगवेगळं विचारा. शेवटच्या दोन्हींत कडक राहा. आणि भाषेबद्दलचं उत्तर निर्णय होईपर्यंत संपादकाकडेच ठेवा, रिव्ह्यूअरला कळायचं कारण नाही.

"पण भाषा आणि विचार वेगळे कुठे असतात?" असं कोणी म्हणेल. खरंय. संध्याकाळी बहिणीला म्हटलं, जुना आणि नवा मसुदा डिफला लाव आणि ओळ न् ओळ बघ. तासाभराने तिचा फोन. तिने लिहिलं होतं, 'या तापमानाला कदाचित हा परिणाम दिसतो'. सुधारलेल्या वाक्यात 'कदाचित' गायब!

तिने तो परत घातला. निवेदनात दोन ओळी लिहिल्या: भाषेसाठी वापरलं, प्रत्येक वाक्य मूळ मसुद्याशी ताडून बघितलं. रविवारी पेपर पाठवला. उत्तर यायचंय अजून.