नसलेला रकाना

गणपती आणि क्रिकेट यांचा संबंध काय, असे कोणी विचारले तर आमचे सासरे त्याला हत्तीण दाखवतील. प्रत्यक्ष नव्हे, शब्दांनी. पण अशी हुबेहूब, की ऐकणाऱ्याने पाय आखडून घ्यावेत.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. त्यासाठी नाना दरवर्षी दादरहून निघतात, कुर्ल्याला गाडी बदलतात आणि पनवेलला उतरतात. आरती आटोपून मोदकांची ताटे पुढे आली, की ती हत्तीण आमच्या दिवाणखान्यात शिरलीच म्हणून समजावे. तारीख २४ ऑगस्ट १९७१, स्थळ लंडनचे ओव्हल मैदान. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातली बेला नावाची हत्तीण मैदानात फिरवली गेली, आणि त्याच दिवशी अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडच्या भूमीवरचा भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला. गणरायांना स्वतः येणे जमले नाही म्हणून त्यांनी प्रतिनिधी धाडला, असे नानांचे भाष्य आहे. त्यावर आम्ही सारे दरवर्षी नव्याने हसतो. सासऱ्यांच्या विनोदाला हसणे हा जावयाच्या धर्माचा भागच आहे!

यंदा, म्हणजे २०२५ च्या चतुर्थीला, हत्तीण आली खरी. पण तिला बसायला मिळाले नाही. बँकेतून निवृत्त झालेले आमचे शेजारी दर्शनाला आले होते. त्यांनी मोदकावर तुपाची धार घेता घेता खडा टाकला.

"नाना, तुमच्या वेळी हत्तीण होती, आमच्या वेळी हातच नाहीत! जूनमध्ये लीड्सला काय झालं? एका कसोटीत आपल्या पोरांनी पाच शतकं ठोकली आणि तरी आपण हरलो. पाच शतकं काढून हरलेला संघ त्याआधी कसोटीच्या इतिहासात झाला नव्हता. का हरलो? तर झेल सुटले! एकट्या यशस्वी जयस्वालच्या हातून किती सुटले ते मोजा. मग इंग्लंडनं ३७१ धावा करून दाखवल्या."

झाले! पुढचा तासभर बाप्पाकडे कोणाचे लक्ष नव्हते. वादाचा विषय असा: भारताची झेल घेणारी सर्वांत बळकट टोळी कोणती?

नानांचे मत ठरलेले आहे. यष्टीमागे फरूख इंजिनियर, स्लिपमध्ये स्वतः वाडेकर, त्यांच्या जोडीला वेंकटराघवन, बॅटीजवळ आबिद अली. आणि या साऱ्यांचा मुकुटमणी, फॉरवर्ड शॉर्ट लेगला एकनाथ सोलकर. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाचा हा मुलगा. २७ कसोट्यांत त्याने ५३ झेल घेतले.

क्रिकेट न पाहणाऱ्या वाचकांसाठी थोडे सांगतो. फॉरवर्ड शॉर्ट लेग म्हणजे फलंदाजापासून दोनतीन पावलांवर, वाकून, जवळजवळ बसूनच उभे राहण्याची जागा. फिरकी गोलंदाजाचा चेंडू बॅटीला लागतो, तिथून पायावरच्या पॅडवर आदळतो आणि क्षणभर हवेत उडतो. तेवढ्या क्षणात त्याच्याखाली हात घालायचा. फलंदाजाने नेमका त्याच वेळी जोरात फटका मारला, तर तो छातीवर घ्यायचा. सोलकरच्या काळी डोक्यावर शिरस्त्राणही नसे. गंमत अशी, की त्या जागी माणूस उभा आहे एवढ्यानेच फलंदाज बिचकतो. एरवी बिनधास्त पुढे टाकला असता तो पाय मागेच राहतो. म्हणजे झेल न घेताही तो बळी मिळवून देतो, पण ते कुठे लिहिले जात नाही. बेदी, चंद्रशेखर, प्रसन्ना आणि वेंकट या चौघांनी मिळून ८५३ कसोटी बळी घेतले. त्यांतले किती या मंडळींच्या तळहातावर विसावले असतील!

"आणि ओव्हलवरचा तो नॉटचा झेल!" नानांनी वाटी खाली ठेवली. "पहिल्या डावात ९० काढलेला माणूस. वेंकटचा चेंडू, बॅटीला जरासा लागला आणि सोलकरनं अंग पुढं झोकून जमिनीपासून बोटभर वर तो उचलला. इंग्लंड १०१ मध्ये खलास! चंद्रानं ३८ धावांत सहा घेतले. पण नॉट राहिला असता तर?"

"आजोबा, ५३ काय घेऊन बसलात?" माझा भाचा इंजिनियरिंगला आहे, त्याच्या खिशातल्या फोनात सगळ्या जगाचे आकडे असतात. "राहुल द्रविडचे २१० झेल आहेत. आणि एका कसोटीत आठ झेल घेतले होते आपल्या डोंबिवलीच्या अजिंक्य रहाणेनं. २०१५, गॉल."

"कसोट्या किती खेळला द्रविड?"

"१६४."

"मग भागाकार कर की!"

भाच्याने भागाकार केला आणि तो गप्प झाला. दर कसोटीमागे सोलकरचे झेल जवळजवळ दोन पडतात, द्रविडचे सव्वाच्या आसपास. "पण गॉलची ती कसोटी आपण हरलो होतो ना रे?" असे शेजाऱ्यांनी विचारले, तेव्हा तर त्याने फोन पालथाच घातला.

विजयाने नानांना चेव चढला. "नुसते आकडे नव्हेत रे. त्या पोरांचा हात म्हणजे तिजोरी. आत गेलं ते गेलं. ज्याच्या हातून झेल सुटतो त्याला मी तर संघात ठेवणार नाही. घरी बसावं त्यानं!"

आणि इथे माझ्याकडून प्रमाद घडला. मी मराठीचा प्राध्यापक. म्हण ओठाशी आली की मला ती गिळवत नाही. मी म्हणालो, "म्हणजे काय, आपली मंडळी हातचं सोडतात आणि पळत्याच्या पाठी लागतात!"

सगळे खो खो हसले. माझा मुलगा तेवढा हसला नाही. ताटात अर्धा मोदक तसाच ठेवून तो उठला आणि आतल्या खोलीत गेला.

वाचकहो, मला ठाऊक होते. मे महिन्यात त्याच्या उन्हाळी शिबिराचा शेवटचा सामना झाला, तेव्हा मी मैदानाच्या कडेला छत्री घेऊन बसलो होतो. तो फॉरवर्ड शॉर्ट लेगलाच उभा होता. झेल आला, दोन्ही हातांत बसला आणि निसटला. ज्याचा सुटला त्याने पुढे सामना काढून दिला. परतताना वडाळे तळ्यापर्यंत तो एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याची पिशवी पलंगाखाली गेली, ती चतुर्थीपर्यंत तिथेच होती. नववीचा अभ्यास वाढला, असे तो सांगत होता; आणि ते मानणे मला सोयीचे होते. हे सगळे ठाऊक असून, एका म्हणीच्या मोहापायी मी स्वतःच्या मुलावर घरभर हशा पिकवला होता.

स्वयंपाकघराच्या दारातून पत्नीने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचे वर्णन करण्याइतकी मराठी भाषा समृद्ध आहे, पण ते इथे करत नाही. मग ती वडिलांना शांतपणे म्हणाली, "नाना, तुमच्या नातवाच्या हातून मे महिन्यात झेल सुटलाय. शॉर्ट लेगलाच. तेव्हापासून तो खेळायला गेलेला नाही."

दिवाणखान्यात एकदम शांतता पसरली. बाहेर पत्र्यावर पाऊस तेवढा वाजत होता. नाना बराच वेळ समईकडे पाहत बसले. मग त्यांनी भाच्याला विचारले, "यंदाच्या ओव्हलला काय झालं रे? तो सीमारेषेवरचा झेल?"

नानांनी तो सामना दूरदर्शन संचासमोरून न उठता पाहिला होता. तरी त्यांनी विचारले. आणि भाचा शहाणा, त्याने मोठ्याने सांगितले. आतल्या खोलीत ऐकू जावे इतक्या मोठ्याने.

"इंग्लंडला ३७४ हव्या होत्या. हॅरी ब्रूक १९ वर असताना सिराजनं सीमारेषेवर त्याचा झेल पकडला, पण पाय दोरीवर पडला. बाद व्हायच्या ऐवजी षटकार! ब्रूकनं पुढं १११ काढल्या."

"त्याला बाद कोणी केला?"

"गोलंदाज आकाश दीप. झेल... झेल सिराजनंच घेतला, आजोबा."

"आणि शेवटच्या दिवशी?"

"४ ऑगस्ट. सिराजनं शेवटचा बळी घेतला. डावात पाच. आपण सहा धावांनी जिंकलो."

नाना उठले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, गुडघ्यावर हात ठेवून उठला आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. माफी मागणे हा त्या पिढीचा शिरस्ता नव्हे. ते म्हणाले, "मी मघाशी जे बोललो ते चुकीचं होतं रे. आम्ही १९७१ चे सुटलेले झेल विसरून गेलो आहोत. धावफलकावर झेल घेणाऱ्याचं नाव लिहितात. सोडणाऱ्याचा रकानाच नसतो. म्हणून ती टोळी आम्हाला अशी तिजोरीसारखी वाटते. त्यांच्याही हातून सुटलेच असणार. पण पुढच्या चेंडूला ते तिथंच वाकून उभे होते, म्हणून त्यांचं नाव राहिलं."

आतून उत्तर आले नाही. नानांनी घसा खाकरला. "बरं, शॉर्ट लेगला गुडघा किती वाकवतोस ते तरी दाखव. मी तिथं कधी उभा राहिलेलो नाही. आयुष्यभर नुसता रेडिओजवळ बसून सल्ले देत आलोय."

थोड्या वेळाने पलंगाखालून पिशवी ओढल्याचा आवाज आला.

पाऊस असल्याने खेळ ओसरीवर मांडला गेला. नाना खुर्चीत बसून टेनिसचा चेंडू भिंतीवर मारत होते, आणि उलट येणाऱ्या चेंडूसाठी मुलगा वाकून उभा होता. पहिला सुटला. तो घरंगळत जाऊन थेट शेजाऱ्यांच्या पंचखाद्याच्या वाटीत पडला. कोणी काही बोलले नाही. शेजाऱ्यांनी चेंडू पुसून परत दिला. दुसरा त्याने धरला. तिसरा पुन्हा सुटला, आणि तो पुन्हा वाकला.

सर्वांत बळकट टोळी कोणती, या वादाचा निकाल त्या दिवशी लागला नाही. पुढल्या चतुर्थीला हत्तिणीबरोबर तोही परत येईल. मला मात्र माझ्यापुरता धडा मिळाला. घरातही आपण आल्यागेल्या प्रत्येक झेलाचा हिशेब ठेवतो. सुटलेल्यानंतर कोण पुन्हा उभे राहिले, त्याची नोंद ठेवायला आपल्याकडे रकाना नसतो.

रात्री मी मुलाजवळ त्या म्हणीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. तो म्हणाला, "बाबा, म्हण चांगली होती. पण तुम्ही एकदा शॉर्ट लेगला उभे राहून बघा."

येत्या रविवारी उभा राहणार आहे. चेंडू टेनिसचाच असेल, अशी अट घातली आहे.